सरावाची वही

आम्ही कुपवाडच्या बचत गटांतल्या बायका. दर आठवड्याला बैठक, बचत, कर्जाचा हप्ता आणि वही, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. शंभर रुपये कुणाचे आले, कुणाचे राहिले, हे आपण झोपेतही सांगू. आज त्याच वहीबद्दल बोलायचंय, पण पैशाच्या नाही. आपल्या पोरी भरतीसाठी जो सराव करतात, त्या सरावाची वही कशी ठेवायची, ते आज बघूया.

पहाटे पाचला कुपवाडच्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहा. एमआयडीसीची रातपाळी सुटायच्या आधी पोरी पळायला बाहेर पडलेल्या असतात. कुणी मिरजेच्या बाजूनं, कुणी माधवनगरच्या बाजूनं, कुणी मोकळ्या माळावर. बहुतेकींच्या डोक्यात पोलीस भरती. आपल्या राज्यात शिपाई भरतीत मुलींची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि चार किलोच्या गोळाफेकीला 15. मैदानात निम्मे गुण पडले तरच पुढं 100 गुणांच्या लेखी परीक्षेचा विचार होतो. किती सेकंदांना किती गुण, ते जाहिरातीत छापलेलं असतं. दर भरतीला जाहिरात नव्यानं वाचायची, मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबायचं नाही.

आता या पोरींना विचारा, "काय गं, सराव कसा चाललाय?" उत्तर येतं, "चाललाय की आक्का, रोज आठशे मारते." किती वेळात मारतेस? "असेल तीन-साडेतीन मिनिटं." गेल्या महिन्यात किती होतं? त्याला उत्तर नाही. रस्ता नक्की आठशे मीटरचा आहे का? "त्या बाभळीपास्नं टाकीपर्यंत, सगळ्या तेवढंच धरतात." पोरीच्या कष्टात काडीची कसर नाही. पहाटे उठते, घाम गाळते, घरी येऊन पाणी भरते, भाकऱ्या थापते आणि मग कामाला नाहीतर क्लासला जाते. पण या कष्टाचं काय होतंय ते तिलाच कळत नाही. भरतीच्या दिवशी पहिल्यांदा खरं घड्याळ लागतं आणि तिथं कळतं. तोवर वर्ष गेलेलं असतं. घरात वय वाढल्याची कुजबुज सुरू झालेली असते, एखादं स्थळ येऊन बसलेलं असतं.

म्हणून आमचं म्हणणं असं की सराव मोजून करायचा, आणि मोजलेलं लिहायचं.

आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ललिता बाबर, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची. दुष्काळी मुलूख. आधी ती मॅरेथॉन पळायची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली आली. मग ती 3000 मीटर स्टीपलचेसकडं वळली. या शर्यतीत पळता पळता 35 अडथळे ओलांडायचे असतात, आणि त्यांतल्या सातांच्या पलीकडं पाणी असतं. तिच्या वेळा आम्ही तुम्हाला सांगतो, कान देऊन ऐका. 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई खेळांत 9 मिनिटं 35.37 सेकंद, कांस्यपदक. 2015 मध्ये वुहानला आशियाई स्पर्धेत 9 मिनिटं 34.13, सुवर्णपदक. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत 9 मिनिटं 27.86. 2016 च्या एप्रिलमध्ये दिल्लीला 9 मिनिटं 27.09. आणि ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76. तो राष्ट्रीय विक्रम ठरला आणि ती अंतिम फेरीत गेली. 1984 मध्ये पी. टी. उषा गेली होती, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या अंतिम फेरीत पोचलेली ही पहिली भारतीय बाई. तिथं तिचा दहावा नंबर आला.

आता या आकड्यांकडं आपल्या हिशोबाच्या नजरेनं बघा. दोन वर्षांत साडेपंधरा सेकंद कमी झाले. पण ते दर महिन्याला सारखे कमी झाले का? नाही. पहिल्या टप्प्यात सव्वा सेकंद. दुसऱ्यात सव्वासहा. तिसऱ्यात एक सेकंदसुद्धा नाही. आणि चौथ्यात सात सेकंदांच्या वर. म्हणजे मध्ये एक काळ असा होता की बघणाऱ्याला वाटावं, आता ही इथंच अडकली. असा काळ सगळ्यांना येतो. ज्या पोरीकडं वही नसते ती अशा वेळी म्हणते, "माझ्याच्यानं होत नाही," आणि सोडून देते. जिच्याकडं वही असते ती मागची पानं उलटून बघते की आपण निघालो कुठनं आणि आलोय कुठवर.

आता नुसतं लिहून भागतं का? तेही नाही. सरावात हेतू पाहिजे. याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अँडर्स एरिक्सन नावाचे मूळचे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यार्थ्याला आकडे लक्षात ठेवायला बसवलं. सेकंदाला एक आकडा वाचायचा आणि शेवटी सगळे म्हणून घ्यायचे. सुरुवातीला त्याला सातच आकडे जमायचे, तुम्हाआम्हाला जमतात तेवढेच. बरोबर आलं की पुढच्या वेळी एक आकडा जास्त, चुकलं की कमी. असा सुमारे 230 तास सराव झाला, दीड वर्षाच्या वर लागलं. शेवटी तो 79 आकडे म्हणून दाखवू लागला. 1980 मध्ये हा प्रयोग छापून आला. गंमत म्हणजे तो विद्यार्थी धावपटू होता. तीन-चार आकडे आले की ते तो शर्यतीची वेळ म्हणून मनात ठेवायचा.

यातून आपण चार गोष्टी घ्यायच्या. एक, त्याला काय साधायचं ते ठरलेलं होतं. दोन, चूक का बरोबर ते तिथल्या तिथं कळायचं. तीन, सराव आत्ता जमतंय त्याच्या जरासा पुढं होता, फार पुढं नाही. चार, अडलं की त्यानं पद्धत बदलून बघितली. रोज त्याच रस्त्यानं त्याच वेगानं आठशे मारणाऱ्या पोरीच्या सरावात यातलं काहीच नसतं. तिचा दम टिकतो, पण वेळ कमी होत नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो.

पहिलं काम अंतर मोजायचं. मोबाइलमधलं अंतर थोडं इकडंतिकडं होतं, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. गावातल्या गवंड्याकडं किंवा मोजणी करणाऱ्याकडं तीस मीटरची टेप असते, ती तासाभरासाठी मागून आणा. टेप मिळाली नाही तर सायकल घ्या. चाकाचा घेर दोरीनं मोजा, टायरला खडूची खूण करा आणि फेरे मोजत सायकल हातानं ढकलत न्या. घेर दोन मीटर दहा सेंटिमीटर असला तर 95 फेऱ्यांत 200 मीटर होतात. दर 200 मीटरला फक्कीची रेघ मारा किंवा दगडाला रंग लावा. एकदा मोजलेली जागा बदलायची नाही. जागा बदलली की आकड्यांची तुलना होत नाही.

दुसरं काम, घड्याळ दुसरीच्या हातात द्यायचं. पळणारीनं स्वतःच मोबाइल धरला तर तिचं अर्धं लक्ष त्यातच जातं. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच असतंच. आई, वैनी, धाकटी बहीण, कुणीही चालेल. नुसती शेवटची वेळ घेऊ नका. दर 200 मीटरच्या खुणेला ती गेली की बटण दाबायचं.

हे टप्पे का हवेत ते बघा. समजा एका पोरीची 800 मीटरची वेळ साडेतीन मिनिटं आली, म्हणजे 210 सेकंद. टप्पे बघितले तर पहिले 200 मीटर 40 सेकंदांत, दुसरे 50, तिसरे 61 आणि शेवटचे 59. आता दिसलं की नाही दुखणं? पोरगी सुरुवातीला जीव खाऊन सुटते आणि तिसऱ्या टप्प्यात मोडते. तिला रोज आणखी आठशे मारायला सांगून उपयोग नाही. तिनं पहिले 200 मीटर 48 सेकंदांत, आवरून धावायला शिकलं पाहिजे. मग आठवडाभर तिचा सराव हाच. 200 मीटर धावायचं, वेळ 47 ते 49 च्या दरम्यान आली का ते ऐकायचं, दोन मिनिटं चालायचं, परत धावायचं. असं चार-पाच वेळा. आणि शनिवारी पुरतं 800 मीटर. दुसरीचं दुखणं वेगळं निघेल. तिचे चारही टप्पे सारखे असतील, पण सगळेच हळू. तिला छोट्या अंतराच्या जोरकस धावा लागतील. दोघींना एकच सराव देऊन चालणार नाही. गोळाफेकीतही तसंच. दहा वेळा फेकायचा, दहाही वेळा टेपनं मोजायचा आणि आज लक्ष फक्त एकाच गोष्टीवर ठेवायचं, पायावर नाहीतर हात सोडण्याच्या कोनावर.

तिसरं काम वहीचं. एक साधी दोनशे पानी वही. दर दिवसाला एक ओळ. तारीख, आज काय सुधारायचं ठरवलं, वेळा किंवा अंतर, झोप किती झाली, धावण्याआधी काय खाल्लं, पाळीचा कितवा दिवस, कुठं दुखतंय का, आणि शेवटी दोन शब्द, कसं वाटलं. एवढंच. पाळीचा दिवस लिहायला लाजायचं कारण नाही. कुणाची वेळ त्या दिवसांत वाढते, कुणाची वाढत नाही. दोन-तीन महिने लिहिलं की आपलं शरीर कसं चालतं ते आपल्याला कळतं.

वहीत दुखणं लिहायचं ते का, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आपल्या सांगलीचा संकेत सरगर, वडिलांची पानाची टपरी. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल खेळांत त्यानं 55 किलो गटात एकूण 248 किलो वजन उचललं आणि भारताला त्या खेळांतलं पहिलं पदक मिळवून दिलं, रौप्य. मलेशियाच्या खेळाडूनं 249 उचललं. सुवर्ण गेलं ते फक्त एका किलोनं. शेवटच्या दोन प्रयत्नांत 139 किलो उचलताना संकेतच्या कोपराला इजा झाली, तरी तो तिसऱ्यांदा उभा राहिला. ती जगाच्या स्पर्धेतली वेळ होती आणि शेजारी डॉक्टर होते. आपली पोरगी माळावर एकटी असते. नडगीत, गुडघ्यात, टाचेत एकाच जागी दोन-तीन दिवस दुखतंय असं वहीत दिसलं की थांबायचं, बर्फानं शेकायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. संकेतची बहीण काजोल हिनंही त्याच वर्षी पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत 40 किलो गटात सुवर्ण मिळवलं, 113 किलो वजन उचलून. टपरीवाल्याच्या घरातली दोन्ही लेकरं किलोकिलोचा हिशोब करत वर गेली. वजन उचलण्याच्या खेळात कालच्यापेक्षा आज किती, हे लोखंडावरच लिहिलेलं असतं. धावण्यात ते आपल्याला लिहावं लागतं.

चौथं काम आठवड्याच्या बैठकीचं. गटाची बैठक झाली की शेवटची दहा मिनिटं या वह्यांना द्या. पण एका दिवसाच्या आकड्यावरून पोरीला चांगलं-वाईट ठरवू नका. तुम्ही टीव्हीवर गोल्फ बघितला असेल, काठीनं लांबच्या खड्ड्यात चेंडू घालायचा खेळ. त्या खेळात प्रत्येकाला एक आकडा असतो, त्याला हँडिकॅप म्हणतात. खेळाडूचे शेवटचे वीस डाव घेतात, त्यांतले सगळ्यांत चांगले आठ निवडतात आणि त्यावरून तो आकडा काढतात. यात शहाणपण आहे. एखाद्या दिवशी ताप असतो, रात्री लाइट नसते, घरात पाहुणे असतात. त्या दिवसाची वेळ वाईटच येणार. आपणही दर महिन्याला शेवटच्या वीस नोंदी घ्यायच्या, त्यांतल्या चांगल्या आठांची सरासरी काढायची. ती गेल्या महिन्यापेक्षा कमी झाली का, एवढंच बघायचं. बेरीज-भागाकार आपल्या गटात कुणाला जमत नाही?

आणि सरासरी दोन महिने जागची हललीच नाही तर? तर आधी पोरीला दोष देऊ नका, वही वाचा. झोप पाच तास दिसते का? उपाशीपोटी धावते का? दमायला होतं, धाप लागते असं वारंवार लिहिलंय का? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं 12 च्या खाली असलं तर ते कमी धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू बरोबर असला तर चांगलं. अंगात रक्त नसलेल्या पोरीला आणखी दोन राउंड मारायला लावणं म्हणजे तेल संपलेल्या दिव्याची वात वर ओढण्यासारखं आहे.

आता जरा अवघड गोष्ट बोलायचीय. वही घरात आली की ती काठीसारखी वापरली जाण्याची भीती असते. "शेजारच्या पोरीचे तीन मिनिटं पाच, आणि तुझे बघ." "काल 3:20 होते, आज 3:25, कुठं होतं लक्ष?" असं दोनदा झालं की पोरगी खोटे आकडे लिहायला लागते. खोट्या वहीपेक्षा वही नसलेली बरी, हे कर्जाच्या वहीवरून आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आम्ही तीन नियम सुचवतो. वही पोरीची, ती दाखवील तेवढीच बघायची. दोघींच्या वह्या शेजारी ठेवायच्या नाहीत, तुलना तिची तिच्याशीच. आणि वाईट वेळ आली त्या दिवशी पहिला प्रश्न "का?" असा रागाचा नको, "काय लिहिलंयस?" असा असू द्या.

साताऱ्याची आदिती स्वामी तुम्ही ऐकली असेल. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ती तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा तिचं वय 17. अंतिम सामन्यात 15 बाणांत 150 पैकी 149. त्याआधी जूनमध्ये तिनं 72 बाणांत 720 पैकी 711 गुण केले होते. या खेळात प्रत्येक बाणाला आकडा असतो. दहा का नऊ, ते बाण लागल्याबरोबर लिहिलं जातं. पण नऊ आला म्हणून तिथं थांबून रडायला वेळ नसतो, पुढचा बाण ओढायचा असतो. आकडा लिहायचा आणि पुढं जायचं, ही सवय आपल्या पोरींना आणि त्यांच्या आयांना दोघींनाही लावून घ्यायची आहे.

वहीचा आणखी एक उपयोग घरात होतो. "दोन वर्षं नुसती पळतेय, काय उजेड पडला?" असं आजोबा, काका, भाऊ विचारतात. तेव्हा पोरीकडं नुसते अश्रू असतात. वही असली की ती दाखवू शकते, जानेवारीत 3 मिनिटं 40, जूनमध्ये 3 मिनिटं 12. आणि लिहिलेल्या आकड्याशी वाद घालणं घरातल्या मोठ्यांनाही जड जातं. कधी वही उलटंही सांगेल. सहा महिने नीट सराव, नीट जेवण, तपासणी सगळं होऊनही मैदानाचे गुण पुरेसे होत नाहीत, असंही दिसेल. तेही वेळेवर कळलेलं बरं. मग तिचे लेखीचे गुण चांगले असतील तर ती मैदानी चाचणी नसलेल्या परीक्षांकडं वळू शकते. ती हरली असं कुणी म्हणायचं नाही. डोळे उघडे ठेवून तिनं वाट निवडली, असं म्हणायचं.

मैत्रिणींनो, ही वही फक्त पळणाऱ्या पोरींची नाही. शिवणकाम शिकणारी लिहील, आज ब्लाउजच्या बाहीला किती वेळ लागला, किती वेळा उसवली. पापडाचा गट लिहील, शंभरात किती फुटले आणि त्या दिवशी पीठ कसं होतं. इंग्रजी वाचायला शिकणारी आपली वैनी लिहील, आज किती ओळी न अडखळता वाचल्या. रीत एकच. एक गोष्ट ठरवा, मोजा, लिहा, आठवड्यानं बघा, एक बदल करा.

येत्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटाच्या घरांत भरतीची तयारी करणाऱ्या किती मुली आहेत त्यांची यादी काढा. गटाच्या खर्चातून प्रत्येकीला एक वही द्या. एका रविवारी सगळ्यांनी मिळून 200 मीटरच्या चार खुणा मोजून ठेवा. आणि पहाटे कुणी घड्याळ धरायला जायचं त्याच्या पाळ्या लावा. पोरींना अंधारात एकटीनं पळावं लागणार नाही, हा त्यातला आणखी एक फायदा. वह्या सुरू झाल्या, त्यात काय दिसलं, कुठं अडलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.